कूलरच्या खोलीतला कान : एका चौकशीचीच तपासणी

मे महिन्यात जळगावच्या औद्योगिक वसाहतीत दुपारी बाराच्या पुढे पत्र्याखाली उभं राहवत नाही. पारा ४४-४५ वर असतो आणि यंत्रांची धग वेगळी. या कारखान्यात पॅकिंगच्या बायकांसाठी कोपऱ्यातली एक खोली होती, तिला सगळे 'कूलरची खोली' म्हणत. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी त्या तिथे घालवायच्या. डबे उघडायचे, पदर सैल व्हायचे, कोणी पाठ टेकायची आणि दिवसभर गिळलेलं बोलून टाकायची.

प्रकरण खरं आहे. कारखान्याची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. घटनेचा सांगाडा तोच ठेवला आहे.

धरणगावकडून येणाऱ्या एका मावशी त्या खोलीत बोलून गेल्या, "शेठ देवले दोन हातवरी नमस्कार करस, आन् आमले पगार एक बोटवरी देस." सगळ्या हसल्या. विषय ओव्हरटाइमचा होता. कायद्याने त्याचा दर दुप्पट असतो, इथे साधा मिळत होता. कामगार कार्यालयात अर्ज द्यायचा का, यावर तीन दिवस खल चालला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरसाहेब पॅकिंगच्या रांगेतून जाता जाता थांबले आणि म्हणाले, "काय मावशी, शेठ एका बोटाने पगार देतात म्हणे?" त्याच आठवड्यात मावशींसह दोघींची पाळी बदलली. रात्रीच्या पाळीला त्यांच्या गावाकडे परत जायला बस नव्हती.

एखादीने चुगली केली असेल, असा संशय आधी एकमेकींवरच गेला. या प्रकरणातलं हे पहिलं नुकसान कुठल्याच अहवालात आलं नाही. आठ दिवस त्या बायका एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. मग वायरमनच्या हाताखालच्या एका पोराने सांगितलं की खोलीच्या दारावर जो कॅमेरा आहे, त्या मॉडेलमध्ये माइक असतो आणि त्याचा आवाज मोबाइलवर ऐकता येतो. कॅमेरा व्हरांड्यातला, दाराकडे तोंड केलेला. चित्रात खोलीचं फक्त दार दिसायचं. आवाज मात्र आतला यायचा.

२३ बायकांनी सह्या-अंगठे करून अर्ज दिला. शेठनी दोन दिवसांत फलकावर सूचना लावली की "स्वतंत्र चौकशी" होईल.

पहिली चौकशी

चौकशी सोपवली गेली ती कंपनीच्या वकीलसाहेबांकडे. ११ वर्षं ते कंपनीची कामगार न्यायालयातली कामं बघत होते. माणूस अभ्यासू, मृदू आणि व्यवहाराला चोख. नऊ दिवसांत त्यांनी १४ पानांचा अहवाल दिला. निष्कर्ष असा होता की कॅमेरा बसवणाऱ्या ठेकेदाराने माइकची सेटिंग चालू ठेवली, व्यवस्थापनाने आवाज ऐकण्याची कोणतीही लेखी सूचना दिलेली आढळली नाही, सबब ही तांत्रिक चूक आहे. ठेकेदाराचं देखभालीचं वार्षिक काम काढून घेतलं गेलं. बायकांना वाचून दाखवला तो अहवालाचा एक परिच्छेद.

मी तो संपूर्ण अहवाल पुढे दोनदा वाचला. त्यात खोटं असं एकही वाक्य नाही. वकीलसाहेबांनी मला नंतर स्वतः विचारलं, "ताई, एक वाक्य चुकीचं असेल तर बोट ठेवा." मला ठेवता आलं नाही. आणि म्हणूनच हे प्रकरण मला लिहावंसं वाटलं. हितसंबंधांचा संघर्ष म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाकीट येतं, दबाव येतो, खोटी साक्ष येते. इथे यातलं काहीच नव्हतं. इथे होते ते न विचारलेले प्रश्न.

चौकशीचा आदेश एका पानाचा होता. त्यात काम असं लिहिलं होतं : "कॅमेरा बसवताना झालेल्या तांत्रिक त्रुटीची जबाबदारी निश्चित करणे." उत्तर प्रश्नातच बसलेलं होतं. त्रुटी झाली हे गृहीत, ती बसवताना झाली हेही गृहीत. उरलं काय, तर ती कोणाची. आवाज कोणी ऐकला, किती वेळा ऐकला, ऐकून काय केलं, दोघींच्या पाळ्या कोणाच्या सांगण्यावरून बदलल्या, हे विचारणं वकीलसाहेबांच्या कक्षेबाहेर होतं. कक्षा आखली होती कार्मिक विभागाने, आणि पाळ्या बदलणारा विभागही तोच.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. नेमणूकपत्राचा जो छापील नमुना कंपनी वापरत होती, त्यात एक कलम आहे : आवारात सुरक्षेसाठी दृक्श्राव्य निगराणी असू शकते व त्यास माझी संमती आहे. तो नमुना वकीलसाहेबांनीच तयार केलेला. म्हणजे चौकशी खरोखर खोल गेली असती, तर अंगठा लावून घेतलेली ही संमती जेवणाच्या खोलीतल्या बोलण्याला लागू होते का, हे त्यांना ठरवावं लागलं असतं. स्वतःच्याच मसुद्यावर निकाल. अहवालात या कलमाचा उल्लेखही नाही. त्यांनी तो मुद्दाम टाळला असं मी म्हणणार नाही. आपण स्वतः बांधलेल्या भिंतीतली भेग आपल्याला सहसा दिसत नाही.

तिसरी गोष्ट पुराव्याची. नोंद कोणत्या तारखांची पाहायची ते आयटीवाल्या मुलाने ठरवलं, कारण डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांची नोंद साठवणाऱ्या यंत्राचा, पासवर्ड त्याच्याकडे. मोबाइलवर कोणाला कॅमेरा दिसावा हेही त्यानेच जोडून दिलेलं. साक्षी झाल्या मॅनेजरच्या केबिनमध्ये. एकेक बाईला बोलावून आणायला मॅनेजरचा शिपाई जायचा. २३ पैकी १७ जणींनी "मला काही माहीत नाही" असं सांगितलं आणि अहवालात तो आकडा तक्रारीला पुष्टी न मिळाल्याचा पुरावा म्हणून आला.

झुरिकचा दाखला

ही जळगावच्या एका कारखान्याची गावठी चूक आहे असं कोणाला वाटत असेल, तर स्वित्झर्लंडमधल्या क्रेडिट स्विस बँकेचं प्रकरण बघावं. बँकेच्या संपत्ती-व्यवस्थापन विभागाचे एक प्रमुख, इक्बाल खान, २०१९ मध्ये नोकरी सोडून प्रतिस्पर्धी यूबीएसकडे निघाले. ते जुनी माणसं आणि ग्राहक सोबत नेतील या भीतीने बँकेने त्यांच्या मागे गुप्तहेर लावले. १७ सप्टेंबरला झुरिकच्या भर वस्तीत खान यांना पाठलाग लक्षात आला, झटापट झाली आणि सगळं चव्हाट्यावर आलं.

बँकेने होम्बुर्गर या विधी कंपनीला चौकशी दिली. १ ऑक्टोबरला निष्कर्ष जाहीर झाला : पाळत ठेवण्याचा निर्णय मुख्य कामकाज अधिकारी पिएर-ऑलिव्हिए बुए यांनी एकट्याने घेतला, मुख्य कार्यकारी अधिकारी तिजान थियाम यांना माहीत असल्याचा पुरावा नाही. बुए आणि सुरक्षाप्रमुख यांनी राजीनामे दिले. काही संदेश पुसले गेल्यामुळे मिळाले नाहीत. बँक आणि गुप्तहेर यांच्यामधला दुवा असलेल्या माणसाने आत्महत्या केली. दोन आठवड्यांत प्रकरण मिटल्यासारखं झालं.

डिसेंबरमध्ये बँकेला कबूल करावं लागलं की त्याच वर्षी फेब्रुवारीत मनुष्यबळ विभागाचे माजी प्रमुख पीटर गोएर्के यांच्यावरही अशीच पाळत होती. पहिल्या चौकशीत हे आलं नव्हतं. त्यानंतरची तपासणीही होम्बुर्गरनेच केली. फेब्रुवारी २०२० मध्ये थियाम पायउतार झाले. आपल्याला काही माहीत नव्हतं असंच ते म्हणत राहिले. पुढे स्विस वित्तीय नियामक फिन्मा मध्ये पडला, त्याने आपला स्वतंत्र तपासनीस नेमला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये निष्कर्ष दिला की २०१६ ते २०१९ या काळात बँकेने पाळतीच्या सात मोहिमा आखल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक पार पाडल्या होत्या. दोघांना लेखी ताकीद मिळाली, आणखी तिघांवर कारवाई सुरू झाली.

बँक तीच आणि माणसंही तीच. बँकेने नेमलेल्याला पहिल्या वेळी एक मोहीम दिसली, नियामकाने नेमलेल्याला सात. होम्बुर्गरच्या वकिलांनी लबाडी केली असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही, आणि मला त्याची गरजही वाटत नाही. खान यांच्याबद्दल विचारलं, खान यांच्याबद्दल सापडलं. "आणखी कोणावर?" हा प्रश्न विचारण्यात बँकेचं हित नव्हतं. आमच्या कारखान्यातला ठेकेदार म्हणजे त्या पहिल्या अहवालातला 'एकट्याने केलं' असा माणूस. फरक इतकाच की बुए खरोखर निर्णय घेणाऱ्यांत होते. आमच्या ठेकेदाराने फक्त तारा ओढल्या होत्या.

याच जातीचं, पण त्याहून विचित्र प्रकरण अमेरिकेतल्या ह्युलेट-पॅकार्डचं. संचालक मंडळातल्या बातम्या फुटतात म्हणून २००५-०६ मध्ये कंपनीने शोध लावायचं ठरवलं. शोध घेणाऱ्यांनी संचालक आणि पत्रकार असल्याची बतावणी करून फोन कंपन्यांकडून त्यांच्या कॉलच्या याद्या काढल्या. ही मोहीम ज्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली चालली, तो कंपनीचा नीतिमत्ता विभागाचा प्रमुख होता. तक्रार करायची तर त्याच्याचकडे. संचालक टॉम पर्किन्स यांनी राजीनामा दिला आणि नंतर हट्टाने विषय लावून धरला, म्हणून ते बाहेर आलं. डिसेंबर २००६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याशी तडजोड करताना कंपनीने १ कोटी ४५ लाख डॉलर भरले.

मी कुठे उभी होते

आता माझ्याबद्दल. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याखाली दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कंपनीच्या अंतर्गत समितीत बाहेरची एक सदस्य असावी लागते. या कारखान्याच्या समितीत ती मी. पहिल्या अहवालानंतर मावशींनी समितीकडे अर्ज केला. बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत चोरून कान लावणं हा छळ आहे असं त्यांचं म्हणणं. अर्ज समितीच्या कक्षेत बसतो की नाही यावर वाद होऊ शकला असता. आपला माहिती-तंत्रज्ञान कायदा खासगी अवयवांच्या चित्रांबद्दल स्पष्ट बोलतो. खोलीतल्या आवाजाबद्दल तसं थेट कलम त्यात नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र राष्ट्रीय शेअर बाजारातल्या फोन-टॅपिंग प्रकरणी डिसेंबर २०२२ मध्ये एका जामीन-आदेशात, संमतीशिवाय फोन टॅप करणं हा खासगीपणाच्या हक्काचा भंग आहे, असं नोंदवलं होतं. तो धागा आमच्या कामाचा होता.

शेठ लगेच तयार झाले. म्हणाले, "ताई, तुम्ही आपल्या घरच्या. तुम्हीच बघून घ्या म्हणजे झालं." त्या 'घरच्या' शब्दावर मी रात्रभर अडकले. कायद्याच्या नियमांत बाहेरच्या सदस्याला दिवसाला २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च ठरवून दिला आहे. पण याच कंपनीत मी तीन वर्षं जाणीव-जागृतीची प्रशिक्षणं घेत होते आणि त्याचं मानधन त्या भत्त्याच्या कितीतरी पट होतं. पुढच्या वर्षीची तारीखही ठरलेली. वकीलसाहेबांच्या नात्यावर मी बोट ठेवत होते आणि माझं नातं त्याच पानावर होतं.

मी ते लिहून दिलं. अर्जदार बायकांसमोर वाचूनही दाखवलं. एक जण म्हणाली, "मग काय झालं, तुम्ही तर आमच्याकडून आहात." तिला वाईट वाटलं, मलाही. पण आपल्या बाजूचा माणूस बसवला की संघर्ष संपतो असं नाही, तो फक्त दुसऱ्या पारड्यात जातो.

जळगाव-धुळ्यासारख्या ठिकाणी यावर एक आक्षेप ठरलेला असतो, आणि तो पोकळ नाही. इथे वकील, सीए, डॉक्टर, कारखानदार एकाच लग्नाच्या मांडवात जेवतात. कुठल्याही दोन माणसांत दोन ओळखींवर नातं निघतं. मग अगदी परका माणूस आणायचा कुठून? माझं मत असं की परका माणूस लागतच नाही. लागतो तो असा, ज्याला निकालातून काही मिळणार किंवा गमवावं लागणार नाही, आणि जो आपली ओळख आधी कागदावर सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या क्रैपाक खटल्यात हे फार नेमकं धरलं आहे. वन सेवेच्या निवड मंडळावर एक अधिकारी होता आणि तो स्वतःच त्या निवडीचा उमेदवारही होता. स्वतःच्या नावाच्या वेळी तो बाहेर बसला, पण इतरांच्या नावांच्या चर्चेत होता. न्यायालयाने निवड रद्द केली. त्याने पक्षपात केला का हे शोधत न बसता, पक्षपाताची रास्त शक्यता होती का एवढंच पाहिलं.

आणि २०१३ च्या त्याच कायद्यात एक तरतूद आहे जी मला दर वेळी दिलासा देते. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती कंपनीच्या समितीकडे जातच नाही, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मालकाने नेमलेल्या समितीने मालकाचा न्याय करू नये, हे कायदेमंडळाने मान्य केलं आहे. पाळतीच्या प्रकरणांसाठी असं दार अजून कुठे नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिने दिले गेले. त्यातही मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीविना वापरण्याची वाट ठेवलेली आहे. चौकशी कोणी करावी हा प्रश्न तिथे कंपनीच्या दारातच राहतो.

दुसरी चौकशी

शेठना पटवायला तीन बैठका लागल्या. शेवटी पटवलं ते ठेकेदाराने. काम गेल्याने चिडून त्याने वकिलाची नोटीस पाठवली होती. धुळ्याच्या एका निवृत्त महिला अधिकाऱ्यांनी काम घेतलं. कंपनीशी त्यांचा कसलाही व्यवहार नव्हता, तरी एक दूरची ओळख होती ती त्यांनी पहिल्याच पानावर लिहिली. मानधन आधीच पूर्ण दिलं गेलं, म्हणजे अहवाल आवडो न आवडो, पैसा अडणार नाही. चौकशीचा प्रश्न दोन्ही बाजूंनी बसून लिहिला, आणि त्यात "त्रुटी" हा शब्द येऊ दिला नाही. साक्षी घेतल्या गेल्या बायकांच्या गावातल्या मंदिराच्या ओट्यावर, रविवारी. पहिल्या वेळी "माहीत नाही" म्हणालेल्या १७ पैकी ११ जणी इथे बोलल्या.

डीव्हीआर पंचनामा करून सील केला. पण तोवर ४० दिवस उलटले होते आणि त्या यंत्राची साठवण २१ दिवसांची. मावशींचं ते वाक्य ज्या दुपारी बोललं गेलं, ती दुपार यंत्राने आपली आपणच पुसून टाकली होती. पाळतीच्या प्रकरणांचं हे वेगळेपण मला तिथे पहिल्यांदा नीट कळलं. पैशाच्या अफरातफरीत कागद मागे राहतो. इथे पुरावा पाळत ठेवणाऱ्याच्याच कपाटात असतो आणि काही न करता बसून राहिलं तरी तो नाहीसा होतो. पहिल्या चौकशीच्या नऊ दिवसांत तो शाबूत होता. मागितला कोणी नाही.

लॉग-इनच्या नोंदी मात्र राहिल्या होत्या. कॅमेरा चार मोबाइलवर जोडलेला होता : मॅनेजर, कार्मिक विभागाचे साहेब, शेठचा पुतण्या आणि ठेकेदार. ठेकेदाराच्या मोबाइलवर तो बसवल्याच्या दिवसानंतर एकदाही उघडला गेला नव्हता. उरलेल्या तिघांपैकी दोघांच्या नोंदी दुपारी साडेबारा ते एकच्या मध्ये, सलग कित्येक दिवस. आवारात ३० च्या वर कॅमेरे असताना जेवणाच्या वेळी हाच एक.

मॅनेजरची बदली दुसऱ्या युनिटला झाली. पुतण्याबद्दल अहवालात दोन परिच्छेद होते, कंपनीच्या कारवाईच्या पत्रात एक ओळही नाही. पाळ्या पूर्ववत झाल्या, पण मावशींच्या सोबतच्या बाईने तोवर काम सोडलं होतं. ती आता रावेरकडे केळीच्या पॅकिंगला जाते. ठेकेदाराला काम परत मिळालं. माझी प्रशिक्षणाची तारीख रद्द झाली, कळवलं कोणी नाही.

अहवाल बायकांना पूर्ण वाचून दाखवला, त्या दिवशी मावशींनी एकच विचारलं, "ताई, आमना आवाज आते कोनाकडे शे?" मी हिशेब लावायला बसले. यंत्रातलं पुसलं गेलं. पण पहिल्या चौकशीत आयटीवाल्या मुलाने 'नमुना' म्हणून काही तुकडे काढून पेनड्राइव्हवर दिले होते, चौकशीचा भाग म्हणून. एक पेनड्राइव्ह वकीलसाहेबांकडे, एक कार्मिक विभागात. दुसऱ्या चौकशीत आम्ही त्याची प्रत मागितली, ती धुळ्याला गेली. म्हणजे पाळत थांबवण्यासाठी केलेल्या दोन चौकश्यांनी त्या बायकांचं खासगी बोलणं आणखी तीन जागी नेऊन ठेवलं होतं. धुळ्याची प्रत माझ्यासमोर नष्ट झाली आणि तसं लिहून मिळालं. वकीलसाहेबांनी त्यांची परत केली. कार्मिक विभागाची प्रत सापडत नाही, असं मला दोनदा तोंडी सांगण्यात आलं. लेखी द्या म्हणून मी तिसरं पत्र पाठवलं आहे. मावशी आता डबा कडुनिंबाखाली खातात. त्या खोलीतला कूलर चालू असतो.